व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर किलोवर विकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसऱ्याआधीची घरझाडणी सध्या नाशिकमध्ये घरोघरी सुरू आहे आणि माळ्यावरून खाली आलेल्या वस्तू भंगारवाल्यांच्या हातगाड्यांवर चढत आहेत. त्या संदर्भात एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती एका ओळीची आहे, ती शीर्षकातच दिली आहे. पण ती का करावीशी वाटते हे सांगायला थोडी जागा लागेल, ती आपण द्याल अशी आशा आहे.

गेल्या आठवड्यात सातपूरच्या बाजूला एका भंगाराच्या दुकानापुढे एक लाकडी पेटी आडवी पडलेली दिसली. तिच्या पाठीमागची जाळी उचकटलेली होती, आतली पत्र्याची चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला सांगाडा, अर्धी बाहेर ओढलेली होती आणि तिच्यावर दोन व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, अजूनही आपापल्या जागी उभे होते. काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली तेव्हा ‘बीईएल’, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स, ही अक्षरे दिसली. शेजारी एक मुलगा छिन्नी-हातोडी घेऊन त्याच अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर फोडत बसला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, यातलं तांबं तेवढं निघतं, बाकी सगळं लाकूड.” त्याची काही चूक नव्हती, कारण ज्यांनी ती पेटी विकली त्यांनाही तिच्यात तांबे आणि लाकूड याखेरीज काही दिसले नव्हते. दोन्ही व्हॉल्व्ह मी चहाच्या पैशांत उचलून आणले आणि घरी तपासले तर दोन्ही जिवंत निघाले. ट्रान्सफॉर्मर मात्र गेला होता, आणि अशा यंत्रात पुन्हा मिळायला सर्वांत अवघड तोच असतो.

मी नाशिक रोडला राहणारा, एका कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेला माणूस आहे. कॉलेजात असताना एका हौशी ऑर्केस्ट्रात मी ऱ्हिदम गिटार वाजवीत असे. तेव्हापासून जुन्या इलेक्ट्रिक गिटारी व त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर जमवण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि रोज थोडा वेळ वाजवण्याचा जो नाद लागला तो अजून सुटलेला नाही. आज माझ्याकडे सहा गिटारी आणि चार अ‍ॅम्प्लिफायर आहेत. त्यांतील एकही काचेच्या कपाटात नाही, सगळे वाजते आहे. घरच्यांच्या दृष्टीने ही अडगळ आहे आणि खंडेनवमीला मी त्यातली एक गिटार सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी पाटावर ठेवून तिला झेंडूचे फूल वाहतो याची घरात दरवर्षी थट्टा होते, तो भाग वेगळा.

इलेक्ट्रिक गिटार हे परक्यांचे, तरुण पोरांचे आणि गोंगाटाचे वाद्य आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे मला वारंवार ऐकवले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की, १९३२ मध्ये अमेरिकेत पुढे रिकनबॅकर या नावाने ओळखली गेलेली जी पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती मुळात हवाईयन गिटार होती. ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब दांड्याची होती, त्यामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ असेच नाव पडले. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. हीच हवाईयन गिटार पुढे आपल्याकडे रुजली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर वाजवलेल्या सिनेगीतांच्या ध्वनिमुद्रिका एका पिढीने रेडिओवर ऐकल्या, त्या ऐकून अनेकांनी हौसेने ती शिकून घेतली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या गिटारी आज तार तुटलेल्या अवस्थेत माळ्यांवर पडून आहेत. माझ्या परिचयातल्या चार घरांत तरी मी त्या स्वतः पाहिल्या आहेत. एका घरात तिच्यावर पापडाचे डबे रचलेले होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या माणसाच्या नावाने आज जगभर इलेक्ट्रिक गिटार ओळखली जाते, तो लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. आजूबाजूचे वादक आपले नादुरुस्त अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडे आणू लागले आणि ते दुरुस्त करता करता तो स्वतःच ते बनवू लागला. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. तरीही १९५० मध्ये त्याने बाजारात आणलेली भरीव लाकडाची गिटार, जिचे पुढच्या वर्षी टेलिकास्टर असे नामकरण झाले, आणि १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टर, या दोन्ही आजही जवळजवळ त्याच आराखड्याने तयार होतात. गिटारीची मान, म्हणजे तारा दाबायचा दांडा, खराब झाली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवावी, हा विचार दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यालाच सुचू शकतो. पिढीजात वाद्य घडवणाऱ्याला तो अधर्म वाटला असता. पुढे १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी आपल्या दुकानातल्या तंत्रज्ञांकडून पहिला अ‍ॅम्प्लिफायर करून घेतला तोही फेंडरच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्प्लिफायरची मांडणी समोर ठेवूनच. थोडक्यात सांगायचे तर, हे सगळे ज्ञान रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर जन्मलेले आहे, आणि तसली टेबले आपल्या जुन्या नाशिकमध्ये, मेन रोडपासून भद्रकालीपर्यंतच्या बोळांत, पुष्कळ होती.

सामग्रीही वेगळी नव्हती. ब्रिटनमध्ये तयार झालेला व्हॉक्स एसी-३० हा अ‍ॅम्प्लिफायर लिव्हरपूलच्या बीटल्स या वाद्यवृंदामुळे सर्वांना माहीत झाला. त्यात आवाज स्पीकरपर्यंत नेण्याचे काम ईएल-८४ या जातीचे चार व्हॉल्व्ह करतात. हाच ईएल-८४ त्या काळच्या अनेक घरगुती रेडिओंत असे आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने तो आपल्या देशातही तयार केला. आमच्या घरात ज्या जातीच्या व्हॉल्व्हमधून सकाळी आकाशवाणीच्या बातम्या येत, त्याच जातीचा व्हॉल्व्ह लिव्हरपूलच्या त्या मुलांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले आणि कळल्यावर मी आमच्या बंद पडलेल्या रेडिओकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आज असे नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथे तयार होतात व ते मागवताना खिसा चाचपावा लागतो. भंगारात चाललेल्या पेटीतला ‘बीईएल’ छापाचा जिवंत व्हॉल्व्ह ही म्हणूनच फेकण्याची वस्तू नाही.

या कामातील कौशल्य म्हणजे काय, हे मी एका प्रसंगातून शिकलो. त्या प्रसंगात शहाणपण दुसऱ्याचे होते आणि मूर्खपणा माझा. पुष्कळ वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पातील एका कुटुंबाने घर हलवताना मला एक लहानसा फेंडर चँप दिला. त्यात एकूण तीन व्हॉल्व्ह, आठ इंची एक स्पीकर आणि शक्ती जेमतेम ५ वॉट. तो अमेरिकेतील ११७ व्होल्टच्या विजेसाठी बनवलेला होता हे मागच्या पट्टीवर स्पष्ट छापलेले होते, पण हौसेच्या भरात मी ती पट्टी वाचली नाही आणि त्याची पिन सरळ आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातली. अशा वेळी फ्यूज उडतो आणि यंत्र वाचते. माझ्या दुर्दैवाने आधीच्या कोणीतरी उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळून ठेवला होता. मिनिटभरात वार्निश जळाल्याचा वास घरभर पसरला, चासीखालून धूर निघाला आणि मी स्वयंपाकघरातून धावत येऊन बटण बंद करेपर्यंत पॉवर ट्रान्सफॉर्मर संपलेला होता.

दहीपुलाजवळ एका जिन्याखाली बसणाऱ्या वयस्क रेडिओ मेकॅनिककडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी जळका ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, वास घेतला आणि काही न बोलता त्याच्या पत्र्या एकेक करून काढायला बसले. मग हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनवर त्यांनी आतली तार उलटी उलगडली आणि प्रत्येक फेरा मोजून वहीत लिहिला: व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टला इतके फेरे, रेक्टिफायरच्या (वीज एकाच दिशेने वाहू देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ५ व्होल्टला इतके, उच्च दाबाला इतके. त्यावरून एका व्होल्टला किती फेरे हे त्यांनी काढले आणि २३० व्होल्टची नवी प्रायमरी, म्हणजे प्लगमधली वीज घेणारी गुंडाळी, मोजून दिली. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला माझ्या कारखान्यातील अनुभवावरूनही सुचले नसते. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना गाभा अपुरा पडून ट्रान्सफॉर्मर तापेल, असे सांगून त्यांनी पत्र्यांची थप्पी एक पंचमांशाने वाढवली आणि त्यासाठी पुठ्ठ्याचा नवा साचा स्वतः कापला. गुंडाळी वार्निशमध्ये बुडवून दोन दिवस वाळवली. तिसऱ्या दिवशी चँप बोलू लागला आणि आजही बोलतो. मजुरी किती घेतली हे सांगण्याचा मोह टाळतो, कारण ती इतकी कमी होती की आज ती आठवून मला संकोच वाटतो. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांची फेरे लिहिलेली वही कोणाकडे गेली याची मी चौकशी केली होती. ती दुकान रिकामे करताना रद्दीत गेली होती.

त्या चँपचे वय मला कोणी सांगितले नाही, ते त्यानेच सांगितले. आवाज कमी-जास्त करायच्या पॉटच्या पाठीवर बारीक आकडे ठोकलेले असतात. माझ्या चँपच्या पॉटवर १३७६६१२ असा आकडा आहे. यातला १३७ हा सीटीएस या कंपनीचा क्रमांक, पुढचे ६६ म्हणजे १९६६ हे वर्ष आणि शेवटचे १२ म्हणजे त्या वर्षातला बारावा आठवडा. म्हणजे हा पॉट १९६६ च्या मार्चमध्ये तयार झाला आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यानंतर केव्हातरी. स्पीकरच्या चौकटीवरही असाच आकडा असतो आणि फेंडरच्या जुन्या गिटारींची मान काढली तर तिच्या टाचेवर पुष्कळदा तारीख लिहिलेली सापडते. जाणकारांच्या लेखी या आकड्यांना फार किंमत आहे, कारण १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि त्या तारखेच्या आधीचा माल व नंतरचा माल असे दोन ढीग लोकांनी तेव्हापासून पाडून ठेवले आहेत. माझा चँप नंतरच्या ढिगातला आहे. त्याच्या आवाजाला हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

असा एक पॉट खरखरतो म्हणून बदलला की ती तारीखही त्याच्याबरोबर जाते, हे मात्र आपल्याकडे दुरुस्ती करणाऱ्या अनेकांना सांगूनही पटत नाही. माझी १९७० च्या दशकातली एक जपानी गिटार होती. तिला मधोमध मधासारखा पिवळा आणि कडेला जात जात काळसर तांबडा होणारा, ज्याला सनबर्स्ट म्हणतात तसा मूळ रंग होता. इतक्या वर्षांत त्याला केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या आणि उजव्या हाताचे कोपर टेकते तिथे रंग झिजून लाकूड उघडे पडले होते. एका कार्यशाळेत मी ती फक्त साफ करून, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) घासून द्या म्हणून ठेवली. परत आणायला गेलो तेव्हा तिच्यावर मोटारीला मारतात तसला चकचकीत लाल रंग होता, आतले सगळे पॉट नवे होते आणि जुने “कचऱ्यात टाकले, साहेब” असे मला अभिमानाने सांगण्यात आले. मी काही बोललो नाही, कारण बोलून रंग परत येणार नव्हता. मिरजेचा पन्नास वर्षांचा तंबोरा असता तर त्या माणसाने भोपळ्यावर लाल रंग मारण्याआधी दहा वेळा विचार केला असता. त्याची जवारी काढून द्या म्हटले तर त्याने जवारीच काढून दिली असती. गिटारीला ती अदब मिळत नाही, कारण ती आपल्याकडे अजून वाद्यांच्या नव्हे तर वस्तूंच्या पंक्तीत बसलेली आहे.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असा आक्षेप मित्रमंडळींत नेहमी घेतला जातो. अमेरिकेच्या बाबतीत तो खराही आहे. गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात सनबर्स्ट रंगाच्या ज्या लेस पॉल गिटारी केल्या त्या आज लाखो डॉलरना विकल्या जातात. परंतु यातली गंमत अशी की, त्या काळी त्या खपत नव्हत्या म्हणून कंपनीने त्यांचा आकारच बदलून टाकला होता. नाशिकमध्ये आम्ही जे चार-पाच लोक एकमेकांना ओळखतो त्यांच्यापैकी कोणीही अशी गिटार प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आमच्याकडे आहेत त्या १९७० च्या दशकातल्या जपानी गिटारी आणि कोलकात्याच्या ‘गिव्हसन’ नावाच्या देशी गिटारी, ज्या आयात मालावर कडक बंधने असलेल्या काळात ऑर्केस्ट्रावाल्यांचा आधार होत्या. जपानी गिटारींना हलके लेखण्याचे कारण नाही. मात्सुमोतो शहरातील फुजिजेन कारखान्यात तयार झालेल्या आयबानेझ व ग्रेको गिटारी इतक्या हुबेहूब आणि चांगल्या होत्या की, १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकाविरुद्ध मानेच्या टोकाच्या आकारावरून दावा लावला. आपल्यावर दावा लागावा इतकी चांगली नक्कल करणे हेही एक प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.

देशी गिटारीबद्दल मी खोटे सांगणार नाही. तिची मान बहुधा जाड असते, फ्रेट वर-खाली असतात आणि पावसाळ्यात तिचा सूर चतुर्थीच्या गर्दीतल्या पोरासारखा हातातून निसटतो. पण तिच्यावर आपल्या शहरातल्या कितीतरी लोकांनी गणेशोत्सवात, लग्नांच्या वरातीत आणि कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर आपापली उमेदीची वर्षे वाजवलेली आहेत, आणि नीट जुळवून घेतली तर ती आजही वाजते. जुळवणे म्हणजे मानेतल्या सळईला अ‍ॅलन कीने पाव फेरा देणे, ब्रिज (तारांचा पोटाकडचा आधार) थोडा खाली घेणे आणि नट (मानेच्या टोकाकडची खाचांची पट्टी) कानसेने घासणे, एवढेच. नाशिकची हवा जून ते सप्टेंबर ओली आणि मार्च ते मे कोरडी ठणठणीत असल्यामुळे मान वर्षातून दोनदा तरी हलते. मी चैत्रात आणि अश्विनात सळई तपासतो, जसे इतर लोक पाण्याची टाकी धुतात.

आवाजाच्या बाबतीत शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते. लोकांना वाटते की ३० वॉट म्हणजे किरकोळ, कारण त्यांच्या कानावर मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आदळलेल्या असतात. प्रत्यक्षात ३० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर दोन खोल्यांच्या घरात पूर्ण उघडला तर कपाटातली भांडी वाजू लागतात. मजा अशी की, या यंत्राचा खरा गोडवा ते थोडे ताणले गेल्यावरच बाहेर येतो. ट्रान्झिस्टरची क्षमता संपली की साध्या मांडणीत तो ध्वनिलहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करतो आणि कानाला ते बोचते. व्हॉल्व्ह मात्र तोच माथा हळूहळू गोलाई देत दाबतो, आणि व्हॉल्व्हचाच रेक्टिफायर असेल तर जोरात छेडलेल्या तारेला वीज क्षणभर कमी पडून सूर आधी दबतो आणि मग फुलतो. बोटाचा दाब कमी केला की आवाज स्वच्छ, वाढवला की खरखरीत. त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही. म्हणून घरात वाजवायला मी ५ वॉटचा चँपच वापरतो, रात्री आठनंतर तोही नाही.

आणखी एका नुकसानीचा उल्लेख करायला हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा माझ्या एका जुन्या सहवादकाचे घाटाजवळच्या तळघरात ठेवलेले सगळे सामान दोन दिवस पाण्याखाली होते. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावर आपण पुराची मोजदाद करतो, त्या दिवसांत तळघरांकडे कोण पाहणार? पाणी उतरल्यावर त्यांच्या गिटारीच्या पिकअपमध्ये गाळ साचलेला होता. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार फेरे. त्यात एका ठिकाणी जरी गंज पोहोचला तरी ते मुके होते. एक पिकअप वाचले, दोन गेली. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी वाळल्याबरोबर लावून पाहिला आणि जे उरले होते तेही जाळले. आधी कोणाला तरी विचारले असते तर स्वच्छ पाण्याने धुऊन, महिनाभर वाळवून तो कदाचित वाचला असता.

या वस्तूंना कायद्याचा आधार नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा १०० वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूंना लागू होतो, आणि पहिली इलेक्ट्रिक गिटारही अजून शंभरीला पोहोचलेली नाही. ती पोहोचेपर्यंत आपल्याकडच्या वस्तू ई-कचरा म्हणूनच मोजल्या जाणार. नाशिकला जुन्या वस्तू जपण्याचे वावडे आहे असेही नाही. अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे, १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाने पोथ्या जपल्या आहेत. मी त्यांच्या पंक्तीला गिटार बसवा असे म्हणत नाही. मात्र शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी एखाद्याने आपल्या कार्यशाळेत एक टेबल या कामासाठी राखून ठेवले, त्यावर हाताने फिरवायचे एक वाइंडिंग मशीन ठेवले आणि जुन्या मेकॅनिकांपैकी जे अजून हयात आहेत त्यांना महिन्यातून दोन शनिवार मानधन देऊन बोलावले, तर विद्यार्थ्यांना ट्रान्सफॉर्मर हा पुस्तकातल्या आकृतीपलीकडे कळेल. हे मेकॅनिक आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे याला फार वेळ काढून चालणार नाही.

गणेश मंडळांनाही एक सांगणे आहे. मंडळाच्या गोदामात जुने व्हॉल्व्हचे पीए, म्हणजे लाउडस्पीकरचे, अ‍ॅम्प्लिफायर असतील तर ते घंटागाडीत किंवा भंगारात देण्याआधी एकदा पाठीमागून पाहावेत. काचेचे दिवे दिसले, दोन जड ट्रान्सफॉर्मर दिसले, तर ते यंत्र थोड्या फेरफाराने गिटारीसाठी वापरता येते. माझ्या चारपैकी दोन अ‍ॅम्प्लिफायर असेच मंडळांच्या आरत्यांतून निवृत्त झालेले आहेत. घरी जुनी गिटार सापडली तर तिला पॉलिश करू नये, तारा मात्र सैल कराव्यात, आणि पेटीत सापडलेला एकही स्क्रू, पट्टी किंवा कागद टाकू नये.

ज्यांना अशी वस्तू दाखवायची असेल त्यांच्यासाठी माझा पत्ता मी आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे. रविवारी सकाळी मी घरी असतो आणि पाहण्याचे पैसे घेत नाही. विकत घेण्याचा माझा आग्रह नसेल, घरात तशी जागाही उरलेली नाही. फक्त येणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. चासी उघडून आत हात घालू नये, कारण पिन काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब बराच काळ साठून राहू शकतो आणि तो जिवावर बेतणारा असतो. आणि वीस-तीस वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर “चालतो का बघू” म्हणून घरी लावून न पाहता, जसा आहे तसा, फ्यूजमधल्या चांदीच्या कागदासकट आणावा.

आपला,
एक नियमित वाचक,
जेल रोड, नाशिक रोड